मळ, डाग आणि खूण : कामठीच्या छावणीच्या अनुषंगाने धुलाईचा शब्देतिहास

नाजूक वस्त्रावरील हट्टी डाग कसा काढावा, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येतो असे सामान्यतः कोणी मानीत नाही. तो गृहिणीचा, परटाचा, फार तर रसायनशास्त्राचा प्रश्न समजला जातो. सनदा, बखरी आणि महसुलाचे कागद यांत धुण्याला स्थान नाही. आणि ज्यांनी पिढ्यानुपिढ्या हे काम केले त्यांनी आपल्या धंद्यावर ग्रंथ लिहिलेला नाही. तथापि ज्या व्यवसायाने कागद मागे ठेवला नाही त्याने शब्द मागे ठेवले आहेत, आणि शब्द हाही कागदाप्रमाणेच इतिहासाचा पुरावा असतो. मात्र तो वाचावयाची रीत वेगळी आहे. प्रस्तुत लेखात ती रीत धुलाईच्या शब्दांना लावून पाहावयाची आहे.

या विवेचनातून दोन गोष्टी दाखवावयाच्या आहेत. पहिली अशी की, नाजूक वस्त्र स्वच्छ करण्याची आपल्याकडील विद्या ही केवळ सवयीने चालत आलेली रूढी नसून तिच्यात निश्चित वर्गीकरण आहे : आधी कापडाची जात पाहावी, मग डागाची. दुसरी अशी की, ही विद्या धर्मशास्त्रकारांनी आपल्या ग्रंथांत आदराने नोंदविली, परंतु ज्याच्या हातून ती आली त्याला मात्र अशुद्धांच्या यादीत बसविले. डाग काढणारा स्वतःच डागी ठरावा, ही विसंगती कशी उत्पन्न झाली याचा माग शब्दांतून लागतो.

१. कामठी आणि धुणाऱ्यांची पाच नावे

मे १८१६ मध्ये नागपूरकर भोसल्यांशी इंग्रजांचा तैनाती फौजेचा तह झाला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, आणि त्यानंतर १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसविण्यात आली. येथे राहणारी तैनाती फौज मुख्यतः मद्रास सैन्याची होती. साहजिकच वऱ्हाडी-नागपुरी मराठी बोलणाऱ्या मुलखात तमिळ व तेलुगू भाषिक शिपाई, त्यांचे कुटुंबीय आणि त्यांच्यामागून येणारे कारागीर यांची एक वसाहत निर्माण झाली. पुढे एकोणिसाव्या शतकातच उत्तरेकडून मोमीन विणकर येथे आले आणि त्यांच्याबरोबर उर्दू आली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८८० नंतरच्या दशकात नागपूरहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग कामठीवरून गेला, आणि छावणीचे गाव बाजारपेठेचे गाव झाले. आजही येथे लष्कराचे ‘गार्ड्‌स’ पलटणीचे केंद्र आहे. नदी, फौज आणि माग या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे धुलाईचा धंदा वाढणे अपरिहार्य असते. नदी पाणी देते, फौज मळके कपडे देते आणि माग धुवावयाचे कोरे कापड देतो.

या प्रदेशातील धुणाऱ्यांना किती नावे होती याची नोंद रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांतातील जातीजमातींवरील आपल्या चार खंडांच्या ग्रंथात केली आहे. धोबी, वरठी, बरेठा, चाकला, रजक, परीट अशी नावे त्यांनी एकाच प्रकरणाच्या शिरोभागी दिली आहेत. वरठी व बरेठा ही दोन रूपे ‘व’ आणि ‘ब’ यांच्या परिचित अदलाबदलीमुळे एकाच शब्दाची मानावयास हरकत नाही. म्हणजे मूळ नावे पाच उरतात. यांपैकी ‘चाकला’ या नावाविषयी ग्रंथकारांची थोडी अडचण झालेली दिसते. मद्रासकडील चाकला हे चामड्याचे काम करणारे होत, परंतु चांद्याकडील चाकला मात्र कपडे धुतात, असे ते म्हणतात. भाषेच्या अभ्यासकाला येथे अडचण वाटण्याचे कारण नाही. तेलुगूत ‘चाकलि’ हा धुणाऱ्याचाच सर्वसामान्य वाचक शब्द आहे. चांद्याचा चाकला हा आपला धंदा सोडून आलेला चर्मकार नसून आपले तेलुगू नाव बरोबर घेऊन आलेला परीटच होय.

‘परीट’ हा शब्द त्याहून जुना आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या देशीनाममालेत ‘परिअट्ट’ हा शब्द रजक या अर्थी दिला आहे. त्याचा संबंध ‘परिवर्त’ म्हणजे उलटापालट, अदलाबदल या शब्दाशी जोडला जातो. कपड्यांची घडी उलटणारा, मळके नेऊन धुवट आणून देणारा, असा त्याचा आशय दिसतो. ‘धोबी’ मात्र हिंदी आहे. संस्कृत ‘धाव्’ या धुण्याच्या धातूशी नाते सांगणारा हा शब्द फौजेच्या हिंदुस्थानी बोलीतून सर्वत्र पसरला आणि पुढे इंग्रजीतही गेला. राहिला ‘रजक’. हा ‘रञ्ज्’ म्हणजे रंगविणे या धातूपासून आला आहे. रंग चढविणारा आणि रंग उतरविणारा यांना भाषेने एकच नाव द्यावे, ही गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु विचार केला असता ध्यानात येते की, दोघांचीही विद्या एकच आहे. कोणते द्रव्य कोणत्या धाग्याला घट्ट धरते आणि काय केले असता सोडते, हे ज्याला कळले त्याला रंगविताही येते आणि डागही काढता येतो. डाग म्हणजे नको त्या ठिकाणी पक्का बसलेला रंगच होय.

२. कापड आधी, डाग मागाहून

आता या विद्येचे सर्वांत जुने लेखी रूप पाहू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. तेथे रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी ‘ऊष’ म्हणजे खारी माती, डोंगराळ प्रदेशातील ‘कुतप’ नावाच्या कांबळ्यांसाठी अरिष्टक म्हणजे रिठा, ‘अंशुपट्ट’ नावाच्या तलम वस्त्रासाठी श्रीफळ म्हणजे बेल, आणि क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याच्या वस्त्रासाठी पांढरी मोहरी सांगितली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत हाच क्रम असून खाऱ्या मातीबरोबर पाणी व गोमूत्र यांचा उल्लेख अधिक आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही प्रसिद्ध टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने, म्हणजे दक्षिणेतच लिहिली गेली. तेव्हा ही परंपरा आपल्या प्रदेशाला परकी नव्हती.

या विधानांकडे केवळ कर्मकांड म्हणून पाहिले तर त्यांतील मुख्य गोष्ट हातची जाते. येथे डाग कोणता हे विचारलेले नाही. वस्त्र कोणते हे विचारले आहे. प्राण्यापासून मिळालेला धागा, झाडापासून मिळालेला धागा, जाड कांबळे आणि तलम वस्त्र यांना वेगवेगळी शोधक द्रव्ये नेमून दिली आहेत. आधुनिक वस्त्रविद्येचा पहिला धडाही हाच आहे. कापूस व जवस हे धागे सेल्युलोजचे असतात आणि त्यांना खार फारसा बाधत नाही. लोकर व रेशीम हे प्रथिनांचे असून तीव्र खारात ते विरघळतात. यास्तव एकाच डागाला सुती धोतरावर एक उपाय आणि रेशमी शेल्यावर दुसरा उपाय करावा लागतो.

येथे एक शंका येते. रेशमाला खार वर्ज्य असेल तर मनूने कौशेयाला खारी माती कशी सांगितली? या शंकेचे उत्तर विदर्भातच आहे. ‘कौशेय’ हा शब्द ‘कोश’ यापासून आला आहे, आणि भंडारा व गडचिरोली या भागांत ज्याला ‘कोसा’ म्हणतात तोही त्याच शब्दाच्या घराण्यातला आहे. प्राचीन कौशेय म्हणजे तुतीवर पाळलेल्या किड्याचे रेशीम नसून रानातील किड्याचे रेशीम, असा अर्थ घेणारे अभ्यासक आहेत. कोशाचे म्हणजे टसरचे सूत तुतीच्या रेशमापेक्षा खाराला पुष्कळ अधिक दाद न देणारे असते. त्याचे कोश मऊ करण्यासाठीच मुळी ते खाराच्या पाण्यात उकळावे लागतात. तेव्हा मनूचा उपाय त्या काळच्या वस्त्राला योग्यच होता. चूक होते ती एका रेशमासाठी सांगितलेला उपाय दुसऱ्या रेशमाला लावला म्हणजे. शब्द तोच राहतो आणि वस्तू बदलते, असा हा प्रकार आहे. अर्थेतिहासाकडे दुर्लक्ष केले असता किती किमती वस्त्र फुकट जाऊ शकते याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

रिठ्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या सालीत सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्ये असतात. ती तेलकट मळ सोडवितात, परंतु साबणाप्रमाणे पाण्याला खारट करीत नाहीत. शिवाय क्षारयुक्त जड पाण्यात साबणाचा जसा पांढरा साका बसतो तसा त्यांचा बसत नाही. म्हणून जेथे खारा उपाय चालत नाही तेथे रिठा चालतो. महाराष्ट्रातील घराघरांतून पैठणी, शालू आणि लोकरीची शाल यांसाठी रिठाच राखून ठेवलेला असे, याचे कारण हेच.

३. लोणारचा खार आणि रोमचे रांजण

खार कोठून येई? नदीकाठच्या पांढरट मातीतून आणि झाडांच्या राखेतून तो मिळे. परंतु विदर्भाजवळ याहून मोठे भांडार होते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचे पाणी सोड्याच्या क्षारांनी भरलेले आहे, आणि अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आईन-इ-अकबरीत वऱ्हाडच्या वर्णनात काच व साबण यांच्यासाठी लागणारी द्रव्ये येथे मिळतात असे म्हटले आहे. सरोवरातून निघणाऱ्या खाराच्या प्रकारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी स्वतंत्र व्यापारी नावे होती. एका पदार्थाला इतकी नावे पडतात तेव्हा त्याच्या प्रतींतील भेद कोणाच्या तरी उपजीविकेशी बांधलेला असतो, हे भाषाभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

हा खार सुती कपड्यांच्या भट्टीसाठी उत्तम. कपडे खाराच्या पाण्यात भिजवावयाचे, मोठ्या भांड्यावर रचून त्यांना रात्रभर वाफ द्यावयाची आणि सकाळी नदीवर आपटून धुवावयाचे, ही भट्टीची रीत. वाफेने व खाराने तेलाचे साबण बनते आणि घामाचा व धुळीचा जुना मळ सुटतो. परंतु नाजूक वस्त्र भट्टीत घालता येत नाही. कोचिनील किड्यापासून काढलेल्या किरमिजी-तांबड्या रंगाची लोकर खारात पडली की तिचा रंग जांभळट होतो. आणि हा रंग इंग्रज अधिकाऱ्यांच्या डगल्यांचा असे. ज्या छावणीत एका बाजूला शिपायांचे सुती कपडे आणि दुसऱ्या बाजूला साहेबांचे लोकरी डगले एकाच घाटावर येत, तेथील धुणाऱ्याला कापडाची परीक्षा केल्यावाचून चालणे शक्य नव्हते.

हा प्रश्न केवळ आपलाच होता असे नाही. रोमन नगरांतील ‘फुल्लो’ म्हणजे लोकर धुणारे लोक शिळ्या मूत्रात कपडे तुडवीत; त्यातील अमोनिया हा सौम्य खार लोकरीचे तेल सोडवी आणि स्वतः उडून जाई. व्हेस्पेशियन बादशहाने त्या मूत्रावर कर बसविल्याची कथा सर्वश्रुत आहे, आणि पाँपेई येथील उत्खननात अशा धुलाईघराची कुंडे सापडली आहेत. याज्ञवल्क्याचे गोमूत्र आणि रोमन धुणाऱ्याचे रांजण या दोहोंत कोणी कोणापासून घेतले हे शोधण्याची आवश्यकता नाही. लोकर सर्वत्र लोकरच असते, आणि तिला समजून घेणारे हात वेगवेगळ्या देशांत एकाच उत्तरापाशी येतात.

४. क्रियापदांतील बळाची उतरंड

द्रव्यानंतर प्रश्न येतो हाताचा. मराठीत धुण्याच्या क्रियेला जी क्रियापदे आहेत ती बळाच्या उतरत्या क्रमाने लावून पाहावीत : आपटणे, बडवणे, धोपटणे, चोळणे, चुबकणे, खंगाळणे, विसळणे, भिजवणे. धुतल्यानंतर पुन्हा पिळणे आणि निथळणे. यांतील प्रत्येक क्रियेला वेगळा हात आहे, आणि कोणते वस्त्र कोणत्या पायरीपलीकडे चढवू नये हा अलिखित नियम प्रत्येक मराठी स्त्रीला माहीत असतो. घोंगडी आपटावी, लुगडे धोपटावे, रेशमी वस्त्र फार तर चुबकावे. सुती कापड पिळावे. रेशमी मात्र निथळत ठेवावे, कारण ओल्या अवस्थेत रेशमाचा धागा दुबळा असतो आणि पिळल्याने त्याला पडलेली मोड सहज जात नाही.

या नियमाला राजसत्तेचा पाठिंबा होता, हे कौटिलीय अर्थशास्त्रावरून कळते. त्यातील कारागिरांविषयीच्या प्रकरणात धुणाऱ्याने लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच वस्त्रे धुवावीत, अन्यत्र धुतल्यास वस्त्राची भरपाई देऊन वर सहा पण दंड भरावा, असे सांगितले आहे. मनूनेही आठव्या अध्यायात सावरीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू धुण्याचा निर्देश केला आहे. कौटिल्याने तर वस्त्र परत देण्याच्या मुदती ठरवून दिल्या आहेत. फिक्या रंगाच्या वस्त्राला पाच रात्री, निळ्याला सहा, आणि फुलांच्या, लाखेच्या वा मंजिष्ठेच्या रंगात रंगविलेल्या, ज्याला जपून हाताळावे लागते अशा उंची वस्त्राला सात रात्री. म्हणजे नाजूक वस्त्राला अधिक वेळ द्यावा लागतो, हे शासनाने मान्य केले होते. बळ कमी करावयाचे तर वेळ वाढवावा लागतो. धुलाईच्या विद्येचे सार या एका वाक्यात येते. आजच्या घाईत हट्टी डागावर जो अत्याचार होतो त्याचे मूळ हे सार विसरण्यात आहे.

५. मळ आणि डाग

आता डागाकडे वळू. मराठीत मळ व डाग यांत स्पष्ट भेद आहे. मळ ‘बसतो’ आणि ‘निघतो’. तो वस्त्राच्या वर असतो. डाग ‘पडतो’ आणि ‘जातो’ किंवा ‘जात नाही’. तो धाग्याच्या आत शिरलेला असतो. मनूने शुद्धीची मर्यादा सांगताना, अपवित्र द्रव्याचा वास आणि लेप जाईपर्यंत माती व पाणी वापरावे असे म्हटले आहे. येथे वास आणि लेप यांचा उल्लेख आहे, रंगाचा नाही. धुऊनही मागे राहिलेली फिकी छटा ही अशुद्धी मानावी असे शास्त्रकाराने म्हटलेले नाही. डागाची भीती ही शास्त्राची नसून पुढे समाजाने वाढविलेली आहे.

डागांची जात ओळखण्याचे ज्ञानही भाषेत आहे. ओशट डाग हा तेलाचा. त्याला पाणी लावण्याआधी कोरडी मुलतानी माती किंवा पीठ पसरून तेल शोषून घ्यावे, म्हणजे रेशमावर ओलाव्याचा वण पडत नाही. रक्ताचा डाग थंड पाण्यानेच काढावयाचा, कारण ऊन पाण्याने त्यातील प्रथिन गोठून धाग्याला चिकटते. लोखंडाच्या गंजाचा डाग लिंबाने जातो, कारण लिंबातील आम्ल लोहाला विरघळवून घेते. विड्याच्या काताचा डाग हा टॅनिनाचा, आणि तो रंगाऱ्याच्या काताप्रमाणेच पक्का बसतो. तो वाळण्याच्या आत धुतला नाही तर पुढे उपाय कठीण.

हळदीच्या डागाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. लग्नाच्या शालूवर हळद पडली आणि घाईने साबण लावला की पिवळा डाग लाल होतो. हळदीतील रंगद्रव्य खाराच्या संगतीने लाल होते, आणि याच गुणावर पूर्वी हळदीपासून कुंकू तयार करीत. आम्ल लावले असता ते पुन्हा पिवळे होते. परंतु हा रंग उन्हात टिकत नाही. सुती वस्त्र उन्हात पसरले म्हणजे काही दिवसांत डाग फिका पडतो. रेशमाला मात्र कडक ऊन बेताबेतानेच द्यावे लागते, कारण त्याने रेशीमही पिवळटते व विरते. एकाच द्रव्याने कुंकवाचे सौभाग्य आणि शालूचे दुर्भाग्य दोन्ही घडावे, आणि दोहोंची किल्ली खार हीच असावी, हे ‘रजक’ शब्दातील दुहेरी अर्थाचे घरगुती प्रात्यक्षिकच होय.

६. खूण

येथवर डाग काढण्याचा विचार झाला. परंतु धुणाऱ्याच्या हातून एक डाग मुद्दाम पाडला जाई, आणि तो कधीही न जाणारा असे. अनेक घरांचे कपडे एकत्र धुतले जात असल्यामुळे प्रत्येक कपड्यावर मालकाची खूण करावी लागे. ही खूण बिब्ब्याच्या रसाने करीत. बिब्ब्याचा काळा दाहक रस कापडावर लावून त्यावर चुना लावला की तो पक्का होतो, आणि भट्टीलाही दाद देत नाही. या उपयोगावरूनच इंग्रजांनी बिब्ब्याला खुणेचे फळ असे नाव दिले. हा रस कातडीला लागला तर फोड येतात. १९४३ मध्ये भारतातील अमेरिकी सैनिकांच्या अंगावर, गणवेशावरील धोब्याची खूण जेथे टेके तेथे, त्वचारोग उठत असल्याचे त्यांच्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात वर्णन केले होते. मराठीतील ‘बिब्बा घालणे’ या वाक्प्रचारात हाच दाहकपणा आहे.

खुणेची ही चाल प्राचीन आहे. कौटिल्याच्या नियमाप्रमाणे धुणाऱ्याने स्वतःच्या अंगावर मुद्गराची म्हणजे मोगरीची खूण असलेलेच वस्त्र वापरावे, अन्य वस्त्र घातल्यास तीन पण दंड. आणि दुसऱ्याचे वस्त्र विकल्यास, भाड्याने दिल्यास किंवा गहाण टाकल्यास बारा पण दंड. ‘मुद्गर’ हाच शब्द ‘मोग्गर’ या प्राकृत रूपातून मराठीत ‘मोगरी’ होऊन घाटावर पोहोचला आहे. येथे खूण वस्त्रावर आहे, परंतु संशय माणसावर आहे. गिऱ्हाइकाच्या कपड्यावर खूण असते ती कपडा हरवू नये म्हणून. धुणाऱ्याच्या कपड्यावर खूण असते ती त्याच्यावर विश्वास नाही म्हणून.

‘डाग’ या शब्दाचा इतिहास या ठिकाणी उपयोगी पडतो. हा शब्द फारसी ‘दाग’ यापासून आला आहे. दंश–डसणे या जोडीत जसा ‘द’चा ‘ड’ झाला तसाच येथेही झाला. फारसीत त्याचा मूळ अर्थ तापलेल्या लोखंडाने उठविलेली खूण. अल्लाउद्दीन खिलजीने सैन्यातील घोड्यांवर असा दाग देण्याची पद्धत घातली आणि अकबराने ती पुन्हा चालू केली. उद्देश एवढाच की, हजेरीच्या वेळी दुसऱ्याचे घोडे दाखवून सरकारची फसवणूक होऊ नये. मराठीत या शब्दाचे सर्व अर्थ शिल्लक आहेत. दुखऱ्या भागाला ‘डाग’ देतात, तोफ ‘डागतात’, सामानाचे इतके ‘डाग’ असे मोजतात, आणि वस्त्रावर ‘डाग’ पडतो. मालकीची खूण, मोजणीचा नग आणि न जाणारा कलंक हे तीन अर्थ एका शब्दात एकत्र आले. संस्कृतात लेप, राग, कलंक असे वेगळे शब्द होते. मराठीने त्यांपैकी बरेचसे काम या एका परक्या शब्दावर सोपविले.

७. धुणारा कोण?

आता आरंभी मांडलेल्या विसंगतीकडे येऊ. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रिठा, बेल आणि खारी माती यांचा पाठ आहे. त्याच अध्यायात कारागिराचा हात नेहमी शुद्ध असतो असेही म्हटले आहे. परंतु त्याच्याच आधीच्या चौथ्या अध्यायात ज्यांचे अन्न घेऊ नये अशांच्या यादीत कपडे धुणारा आणि रंगारी या दोघांची नावे आहेत. म्हणजे त्याच्या हाताने शुद्ध झालेले वस्त्र देवपूजेला चालते, त्याने शिकविलेली कृती शास्त्रात चालते, त्याच्या घरचे अन्न मात्र चालत नाही. मळ काढताना तो त्याच्याकडे जातो, अशी ही कल्पना आहे. वस्तूच्या बाबतीत लेप आणि वास गेला की शुद्धी झाली असे मानणाऱ्या शास्त्राने माणसाच्या बाबतीत मात्र न धुता येणारी खूण गृहीत धरली.

मराठी समाजाने ही विसंगती तशीच चालू ठेवली. ‘परिटघडी’ हा शब्द प्रतिष्ठेचा, टापटिपीचा. आणि ‘परीट’ हा शब्द गावगाड्यातील बलुतेदाराचा. घडी वरच्या जागी आणि घडी घालणारा खालच्या जागी. या पार्श्वभूमीवर विदर्भातील एका घटनेचे महत्त्व कळते. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर या माणसाने हातात खराटा घेतला आणि गावोगावचे रस्ते झाडीत, कीर्तन करीत आयुष्य काढले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचे निधन झाले. आणि २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. त्यांच्या कार्याचे अनेक अर्थ सांगितले जातात. धुलाईच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहता, ज्याच्या जातीला मळाशी बांधून टाकले होते त्यानेच मळ हा गावाचा आहे, जातीचा नाही, असे कृतीने दाखविले, एवढे निश्चित म्हणता येते.

व्यवसायाचे रूप मात्र पालटत गेले. १८८८ मध्ये सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्यास उतरल्या. १९१९ मध्ये मुंबईत गोदरेजने चरबीविरहित साबण काढला. १९५९ मध्ये सर्फ आणि १९६९ मध्ये निरमा ही धुण्याची चूर्णे आली. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली, पाण्याऐवजी अन्य द्रवांत धुण्याची पद्धत ‘ड्रायक्लीन’ या नावाने गावोगावच्या लॉन्ड्रीत पोहोचली. या प्रत्येक वस्तूने काही श्रम वाचविले, यात शंका नाही. घाटावर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून आपटण्याच्या कामाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु एका डब्यातील एकच चूर्ण सर्व वस्त्रांना लावण्याची सवय लागली, आणि ‘कापड आधी, डाग मागाहून’ हा क्रम उलटला. त्याबरोबर चुबकणे व निथळणे यांतील भेद जाणणारी पिढीही मागे पडत आहे.

कामठीसारख्या ठिकाणी अद्याप काम करण्यासारखे पुष्कळ आहे. तेलुगू, तमिळ, उर्दू, हिंदी आणि नागपुरी मराठी यांच्या संगमावर उभ्या असलेल्या या गावातील वृद्ध धुणाऱ्यांकडून खाराची, हत्यारांची, खुणांची आणि क्रियांची नावे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी टिपून घेतली पाहिजेत. कोणती खूण कोणत्या घराची हे जो धुणारा स्मरणाने सांगे त्याची स्मरणपद्धती हा तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. मात्र हे काम करणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. स्मृतिकारांनीही शब्द आणि कृती टिपून घेतल्या होत्या. टिपला नाही तो सांगणाऱ्याचा मान. शब्दसंग्रहात ज्याचा शब्द येईल त्याचे श्रेयही त्याच पानावर आले, तरच तो संग्रह त्या जुन्या टिपणाहून वेगळा ठरेल.